बंदर उघडेल याची हमी कोण देणार?

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगर येथील समारंभातून पंतप्रधानांच्या हस्ते झाले. वर्षाकाठी दहा लाख उतारूंची ये-जा येथे सामावेल आणि एका वेळी पाच जहाजे धक्क्याला लागू शकतील, असे सांगण्यात आले. त्याच्या वर्षभर आधी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले होते आणि २०२९ पर्यंत या जलपर्यटकांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले होते. धक्के, जेट्ट्या, करसवलती, नदीमार्ग या सर्वांचा विचार अशा योजनांत होतो. न होणारा विचार एकच, आणि तो म्हणजे साथीचा. २०२० साली जगातील झाडून सारा क्रूझ व्यवसाय ज्या एका कारणाने ठप्प झाला, ते कारण पुन्हा कधी उद्भवणारच नाही अशा भरवशावर इमारती उभ्या राहत आहेत. साथीच्या काळात, तिच्या निर्बंधांसह, उतारू जहाजावर चढेल काय, हा प्रश्न यास्तव आजच विचारून ठेवलेला बरा. साथ आल्यावर तो विचारला, तर उत्तर शोधण्यास वेळ नसतो.

या प्रश्नाचे झटपट उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते चुकीचे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत लस उपलब्ध झालेली नव्हती आणि तेथील रोगप्रतिबंधक यंत्रणेने जहाजांवर घातलेली बंदी नुकतीच सशर्त शिथिल झाली होती. प्रत्यक्ष उतारू घेण्यापूर्वी कंपन्यांनी स्वयंसेवकांना घेऊन चाचणी-सफरी करून दाखवाव्यात, अशी एक अट होती. ‘रॉयल कॅरिबियन’ कंपनीने स्वयंसेवकांसाठी आवाहन केले, तेव्हा काही दिवसांतच एक लाखाहून अधिक लोकांनी उत्सुकता नोंदवली. आता, फुकटच्या सफरीसाठी हात वर करणारा माणूस आणि खिशातून हजारो रुपये मोजणारा माणूस यांत फरक आहे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळते. तरीही या आकड्याने एक गोष्ट सिद्ध केली. रोगाचे भय सर्वांस सारखे नसते. मुखपट्टी बांधून, चाचणी करून, निम्म्या रिकाम्या भोजनगृहात बसूनही समुद्रावर जावेसे वाटणारा एक मोठा वर्ग त्या भयाच्या ऐन भरात होता.

मग त्यास अडवणारे भय कोणते? ते समजण्यासाठी जहाज क्षणभर बाजूस ठेवून आगगाडीकडे पाहणे उपयोगी पडेल.

विरारच्या पूर्वेस चांदीप नावाचे गाव आहे. तेथून विरार स्थानक गाठून रोज मुंबईस नोकरीसाठी जाणारा एखादा गृहस्थ कल्पावा. मार्च २०२० मध्ये उपनगरी गाड्या सर्वांसाठी बंद झाल्या. १५ जूनपासून त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरत्या सुरू झाल्या. बाकीच्यांना एसटीच्या बसगाड्यांवर विसंबावे लागले, आणि २२ जुलै रोजी नालासोपाऱ्यात बस मिळेना तेव्हा संतप्त प्रवासी थेट रेल्वेच्या रुळांवर उतरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांना मुभा मिळाली ती पहाटे, दुपारी आणि रात्री नऊनंतर. कचेरीच्या वेळा नेमक्या वगळून. त्या एप्रिलात ती मुभाही गेली. अखेर १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांस पास मिळू लागला. या सतरा महिन्यांत विरारच्या गाडीतील माणसाने धोक्याचा हिशेब फारसा केला नाही. त्याची मागणी गाडी सुरू करण्याची होती, कारण घरात बसून राहण्याची किंमत त्यास आजाराहून अधिक पडत होती. अर्थशास्त्राच्या भाषेत, ही मागणी अलवचिक. निर्बंध कितीही जाचक असोत, माणूस चढणारच.

समुद्रावरही अशा मागणीचे एक जुने उदाहरण मुंबईतच आहे. एकोणिसाव्या शतकात हजला जाणारे हजारो यात्रेकरू मुंबई बंदरातून आगबोटीने निघत. पटकीच्या भीतीपोटी १८८० च्या दशकात तांबड्या समुद्रातील कामरान या उजाड बेटावर तुर्की अंमलदारांनी क्वारंटीनचे ठाणे उभारले. हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांना तेथे थांबावे लागे. यात्रेकरूंना उतरवून तेथे ठेवले जाई आणि या अडकवणुकीचे शुल्कही त्यांच्याकडूनच वसूल होई. तरीही माणसे जात राहिली. या वाहतुकीची व्यवस्था लावण्यासाठी सरकारने १८८६ साली थॉमस कुक या जगद्विख्यात प्रवासी कंपनीला नेमले. तिने काही वर्षे हे काम केले आणि तोट्यात जाऊन ते सोडून दिले. आजच्या सहल-व्यवसायाच्या आद्य कंपनीस जो हिशेब जमला नाही, तो गरीब यात्रेकरूने आपल्यापुरता जमवला होता, कारण त्याच्या लेखी प्रवास हे कर्तव्य होते. १८९७ साली प्लेगमुळे मुंबईतून ही वाहतूक थांबली ती सरकारी हुकमाने. यात्रेकरूंनी ती थांबवली नव्हती.

क्रूझ ही गरजही नव्हे आणि कर्तव्यही नव्हे. ती चैन आहे. चैनीच्या वस्तूची मागणी किमतीस हळवी असते, हे तर खरेच; परंतु येथे ‘किंमत’ म्हणजे तिकिटावरचा आकडा एवढेच धरून चालत नाही. चांदीपच्या त्याच गृहस्थाने दिवाळीच्या बोनसमधून मुंबई-गोवा सफरीची तिकिटे काढली असे समजा. त्याच्याजवळ पैसा मोजका आहे आणि रजा त्याहून मोजकी. घरी म्हातारी आई शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडलेली आहे. तीन दिवसांच्या सहलीचे सतरा दिवस झाले, तर त्याचे होणारे नुकसान तिकिटाच्या सवलतीने भरून येणारे नाही. २०२०-२१ मध्ये अनेक कंपन्यांनी भाडी उतरवली, पुढच्या तारखांची सोय दिली. हे सर्व उपाय तिकिटाच्या किमतीवरचे होते. उतारूच्या मनातील किंमत निराळीच होती: परत कधी येणार आणि कोठे उतरणार, हे न कळण्याची.

ही भीती काल्पनिक नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात पोहोचले, तेव्हा त्यावर ३,७११ माणसे होती. आधी हाँगकाँगला उतरलेला एक उतारू बाधित निघाला होता, म्हणून जहाज दोन आठवडे धक्क्याशी कोंडून ठेवण्यात आले. शेवटी ७१२ जणांस बाधा झाली आणि दहाहून अधिक मरण पावले. या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांतील सहा उतारू आणि १३२ कर्मचारी. या प्रमाणाकडे पुन्हा वळावे लागेल.

परंतु उतारूच्या निर्णयाच्या दृष्टीने त्याहून बोलके उदाहरण ‘वेस्टरडॅम’ जहाजाचे आहे. हे जहाज १ फेब्रुवारीस हाँगकाँगहून निघाले. जपान, तैवान, फिलिपाइन्स, ग्वाम आणि थायलंड या पाचही ठिकाणी त्यास नकार मिळाला. अखेर १३ फेब्रुवारीस कंबोडियाने सिहानूकविल बंदर उघडले आणि तेथील पंतप्रधान हुन सेन स्वतः फुले घेऊन धक्क्यावर गेले. नंतर मलेशियात एका वृद्ध उतारूची चाचणी बाधित आली म्हणून पुन्हा गहजब झाला. पुढे तीही शंका फिटली. म्हणजे ज्या जहाजावर साथ नव्हतीच, ते दोन हजारांहून अधिक माणसे घेऊन जवळजवळ दोन आठवडे समुद्रावर दारोदार हिंडले. जहाजावरील मुखपट्ट्या, अंतर आणि जंतुनाशके यांनी यात काडीचाही फरक पडला नसता. निर्णय जहाजावर होत नव्हता, तो किनाऱ्यावर होत होता.

याच्या नेमकी उलट गत सिडनीची. १९ मार्च २०२० रोजी ‘रुबी प्रिन्सेस’ तेथे लागले आणि चाचण्यांचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच सुमारे २,७०० उतारूंना घरी जाऊ देण्यात आले. त्या जहाजाशी संबंधित शेकडो रुग्ण पुढे निघाले, २८ मृत्यू झाले आणि चौकशी आयोगाने राज्याच्या आरोग्य खात्यावर कठोर ठपका ठेवला. बंदर अकारण बंद ठेवणे आणि अकारण उघडणे, या दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट होती. बाधित जहाज आल्यास काय करायचे, हे त्या त्या दिवशी त्या त्या अधिकाऱ्याने ठरवायचे होते.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली धोका आणि अनिश्चितता यांत एक भेद केला होता, तो येथे फार उपयोगी आहे. ज्याची शक्यता मोजता येते तो धोका. त्याचा विमा निघतो, त्याची किंमत ठरते, त्याचा व्यापार होतो. ज्याची शक्यता मोजण्यास आधारच नाही ती अनिश्चितता. तिच्यापुढे विमा कंपनीही हात टेकते. आजार होण्याची शक्यता हा साथीच्या काही महिन्यांनंतर धोका बनला. लसीने, चाचणीने, वयोगटाने तो मोजता येऊ लागला. बंदर उघडेल की नाही, ही मात्र शेवटपर्यंत अनिश्चितताच राहिली. जहाजावरील निर्बंध धोका कमी करतात. अनिश्चितता दूर करण्याचे सामर्थ्य त्यांत नाही, आणि उतारू मागे फिरतो तो तिच्यामुळे.

हा भेद ओळखला तो सिंगापूरने. नोव्हेंबर २०२० पासून तेथे क्रूझ सुरू झाल्या, त्या कोठेही न जाणाऱ्या. जहाज सिंगापूरहून निघे, समुद्रावर दोन-तीन दिवस फिरे आणि सिंगापूरलाच परत येई. उतारू निम्म्या क्षमतेपर्यंतच घेतले जात. कोठेच न जाणारे जहाज ही कल्पना विनोदी वाटते, पण तिच्यात मोठे व्यावहारिक शहाणपण होते. मुक्कामाचे बंदरच काढून टाकल्यामुळे नकार देणारे कोणी उरले नाही. ९ डिसेंबर रोजी ‘क्वांटम ऑफ द सीज’ वरील ८३ वर्षांचे एक उतारू बाधित असल्याचे आढळले, तेव्हा जहाज तत्काळ परत आणले गेले, सर्वांना खोल्यांत थांबवले गेले, पुन्हा चाचणी झाली आणि पहिला निष्कर्ष चुकीचा ठरला. उतारू दुसऱ्या दिवशीपर्यंत घरी पोहोचले. या सफरींचे आकर्षण त्याने संपले नाही. त्या पुढेही चालू राहिल्या. चाचणी चुकली तरी व्यवस्था चुकली नव्हती.

इतरत्र निर्बंध कडक होते, हे नाकारता येणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये भूमध्य समुद्रात ‘एमएससी ग्रँडिओसा’ निघाले, तेव्हा किनाऱ्यावर कंपनीच्या सहलीतूनच फिरण्याची सक्ती होती. नेपल्सनजीक एक कुटुंब त्या घोळक्यातून फुटून स्वतंत्र भटकले, तर त्यास जहाजावर परत घेतले गेले नाही. कॅरिबियन समुद्रातील ‘सीड्रीम’ या छोट्या जहाजाने त्या नोव्हेंबरात प्रत्येकाची आधी चाचणी घेतली होती; तरी साथ जहाजावर निघालीच. निर्बंधांनी साथ शून्य होत नाही, एवढेच त्यातून दिसते. म्हणून खरी कसोटी ‘कोणी बाधित निघू नये’ ही नसून ‘कोणी बाधित निघाल्यास काय’ ही आहे.

आणि याच कसोटीवर आपले घरचे उदाहरण उभे आहे. कोकणच्या बोटी ऐंशीच्या दशकात आटल्यानंतर मुंबई-गोवा सागरी प्रवास पुन्हा रुजवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. २०१८ साली ‘आंग्रिया’ आली. २०१९ साली ‘जलेश’ कंपनीची ‘कर्णिका’ आली, आणि २०२० मध्ये ती कंपनीच बंद पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ने मुंबईहून सफरी सुरू केल्या. १९९० साली बांधलेल्या ‘एम्प्रेस’ या जहाजाला मागणी चांगली होती; इतकी की, ओमायक्रॉनची लाट तोंडावर असताना नववर्षाच्या सफरीस सुमारे दोन हजार माणसे निघाली. साथीच्या निर्बंधांत मराठी-गुजराती मध्यमवर्ग जहाजावर चढेल काय, याचे उत्तर त्या आठवड्यात मिळून गेले होते. तो चढला होता.

पुढे जे घडले ते वृत्तपत्रांच्या स्मरणात आहे. एक कर्मचारी बाधित आढळल्यावर २०२२ च्या जानेवारीच्या आरंभी जहाज मुरगाव बंदरात अडकले. उतारूंना चाचणीचे निष्कर्ष येईपर्यंत उतरण्यास मनाई झाली. ६६ जण बाधित निघाले आणि अखेर जहाज उतारूंसह मुंबईकडे परतले. ४ जानेवारीस ते मुंबईस पोहोचल्यावर पुन्हा चाचण्या झाल्या आणि आणखी शंभराहून अधिक बाधित सापडले. गोव्याच्या प्रशासनाने आपल्या नागरिकांचे हित पाहिले. त्यास दोष देणे सोपे आहे, पण सिडनीची आठवण ठेवली तर उचित नाही. मुंबई महापालिकेने आपले काम केले. कंपनीनेही चढताना प्रमाणपत्रे तपासली होती. प्रत्येकाने आपापले कर्तव्य केले आणि तरीही बाधित नसलेली माणसे बाधितांसमवेत एकाच जहाजात आणखी एक प्रवास करून आली. साथीच्या शास्त्राच्या दृष्टीने याहून वाईट तोडगा शोधूनही सापडला नसता.

असे का व्हावे? येथे घटनेच्या सातव्या परिशिष्टाकडे पाहिले पाहिजे. बंदरातील क्वारंटीन आणि त्याची रुग्णालये, त्याचप्रमाणे खलाशांची रुग्णालये, हा संघसूचीतील २८ वा विषय आहे. सार्वजनिक आरोग्य आणि इस्पितळे हा राज्यसूचीतील सहावा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणे, हा समवर्ती सूचीतील २९ वा. जहाज धक्क्याला लागेपर्यंत एक सरकार, उतारूने शिडीवरून पाय जमिनीवर ठेवला की दुसरे, आणि तो घरी दुसऱ्या राज्यात निघाला की दोघांचे मिळून तिसरे काहीतरी. परदेशी बंदरांबाबत निदान आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आहेत. २००५ च्या त्या नियमांतील २८ व्या कलमानुसार केवळ आरोग्याच्या कारणावरून जहाजास बंदरात येण्यास सरसकट मज्जाव करता येत नाही. बंदराकडे सोयी नसतील तर जहाजाने सोयी असलेल्या नजीकच्या बंदरात जावे, असे ते सांगते. २०२० मध्ये देशोदेशींनी हे कलम गुंडाळून ठेवले, ही गोष्ट वेगळी. मुंबई आणि मुरगाव यांच्या दरम्यान मात्र गुंडाळून ठेवण्यासारखेही काही नव्हते.

या पोकळीचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. बाधित निघाल्यास आपले काय होईल हे ज्यास ठाऊक नाही, तो खोकला लपवतो. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईने हे भोगले आहे. डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात रोग ओळखला. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढे लाखो लोक शहर सोडून गेले आणि रोग आपल्याबरोबर घेऊन गेले. ज्या रोगाने माणसे दिवसांत दगावत होती, त्याहून त्यांना घरझडती आणि छावणी अधिक भयंकर वाटत होती. क्रूझच्या उतारूस छावणीत कोणी ओढून नेणार नाही. पण त्याची सहल बुडेल, पैसे बुडतील, बायकामुलांपासून तो वेगळा पडेल आणि शेजारच्या खोलीतील दोन हजार अनोळखी माणसे त्यास दोषी धरतील. अशा वेळी लक्षणे दडपणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते आणि सर्वांच्या दृष्टीने घातक. जो निर्बंध प्रामाणिक माणसास दंड करतो, तो पाळला जात नाही, मग त्याची पाटी कितीही मोठी लावा.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, क्रूझ व्यवसाय तर पूर्ववत झाला आहे. २०१९ साली जगात सुमारे २ कोटी ९७ लाख उतारूंनी समुद्रपर्यटन केले. २०२१ मध्ये ही संख्या ४८ लाखांच्या आसपास घसरली होती. २०२३ मध्ये ती ३ कोटी १७ लाखांवर गेली आणि २०२४ मध्ये साडेतीन कोटींच्या जवळ. मग चिंता कसली? परंतु हे आकडे कशाचे आहेत ते पाहावे. अमेरिकेच्या रोगप्रतिबंधक यंत्रणेने क्रूझसाठीचा कोविड कार्यक्रम जुलै २०२२ मध्ये गुंडाळला आणि बहुतेक बंदरांचे निर्बंध त्याच सुमारास उठले. उतारू परतले ते निर्बंध उठल्यावर. पावसाळा संपल्यावर छत्रीचा खप पाहून छत्री चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. निर्बंध असताना काय झाले, याचा पुरावा सिंगापूर आणि मुरगाव येथेच शोधावा लागतो, आणि तो परस्परविरोधी दिसला तरी तसा नाही. दोन्हीकडे उतारू चढले. एकीकडे त्यांना घरचा धक्का ठाऊक होता. दुसरीकडे त्यांनी तो गृहीत धरला होता.

तेव्हा मुंबईच्या नव्या टर्मिनलला साथीसाठी हवे आहे ते जंतुनाशकांच्या यंत्रांहून निराळे. मुंबई, मुरगाव, मंगळूर, कोची ही बंदरे आणि त्यांची राज्ये यांत आधीच करार झालेले असावेत: बाधितांना कोणत्या बंदरावर उतरवायचे, कोणत्या रुग्णालयात किती खाटा त्यासाठी मोकळ्या ठेवायच्या, निरोगी उतारूंना किती तासांत जाऊ द्यायचे. हा करार तिकिटाच्या पाठीवर मराठीत छापता येण्याइतका सोपा असावा. मुक्कामाचे बंदर नकार देऊ शकेल, हे मान्य करायला हरकत नाही. निघाल्या बंदरास मात्र तो अधिकार नसावा. आणि बाधित निघालेल्या उतारूचा उपचार, वाढलेला मुक्काम व बुडालेले वेतन यांची भरपाई करण्यासाठी प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम वेगळ्या निधीत जावी. कामरानचे शुल्क अडकलेल्याकडून घेतले जाई. येथे ते सर्वांकडून आधी घेतले, तर अडकलेल्यावर बोजा पडणार नाही आणि खोकला सांगण्यास कोणी कचरणार नाही. असा निधी उभारता येतो, कारण बंदराबाबतची अनिश्चितता करारामुळे मोजता येण्याजोग्या धोक्यात बदलते. करार नसेल तर कोणतीही विमा कंपनी अशा जोखमीला हात लावणार नाही, आणि लावलाच तर हप्ता तिकिटाहून भारी होईल. राज्य सरकारे अशा करारास नाखूश असतील, हे उघड आहे. साथीच्या दिवसांत हात मोकळे असावेत असे प्रत्येक शासनास वाटते. त्या मोकळ्या हातांची किंमत व्यवसायाने आणि उतारूने मोजावी, असे मात्र त्यांस म्हणता येणार नाही, विशेषतः टर्मिनलवर शेकडो कोटी रुपये खर्च करून झाल्यावर.

या सर्व चर्चेत ‘उतारू’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि डायमंड प्रिन्सेसवरील ते प्रमाण नेमके येथे आठवावे: सहा उतारू, १३२ कर्मचारी. मुंबई, वसई आणि गोवा या पट्ट्यातील माणसाचा क्रूझशी संबंध बहुधा तिकिटातून येत नाही, नोकरीतून येतो. स्वयंपाकघर, भोजनगृह, धुलाई, यंत्रघर येथे राबणारी ही माणसे निर्बंध पसंत आहेत की नाहीत असे कोणी विचारत नाही. योकोहामात उतारू आपापल्या खोल्यांत बंद असताना त्यांच्या दारी जेवण पोहोचवणारे हेच होते, आणि त्यांच्या स्वतःच्या खोल्या सामायिक होत्या. त्यांतील १६ भारतीय बाधित झाले. ११९ भारतीयांना २७ फेब्रुवारी २०२० रोजी विमानाने दिल्लीस आणून मानेसर येथे विलगीकरणात ठेवले गेले. एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ हे जहाज जवळजवळ दीडशे भारतीय कर्मचारी घेऊन मुंबईबाहेर नांगर टाकून थांबले होते. उतारू कधीच घरी गेले होते. कर्मचाऱ्यांना स्वदेशाच्याच बंदरात उतरवण्याचा नियम अस्तित्वात नव्हता. तो २१ एप्रिलला काढावा लागला आणि २३ एप्रिलपासून ते उतरू लागले. त्या वर्षाच्या अखेरीस सर्व प्रकारची जहाजे धरून जगात सुमारे चार लाख खलाशी कराराची मुदत संपूनही समुद्रावर अडकून होते.

भारताने २०१५ साली सागरी कामगार कराराला मान्यता दिली आहे. त्यानुसार मुदत संपल्यावर मालकाच्या खर्चाने घरी परतणे हा खलाशाचा हक्क आहे. विमाने आणि बंदरे दोन्ही बंद असताना हा हक्क कसा बजावायचा, याविषयी करार काही सांगत नाही. राज्याराज्यांतील बंदरांचा जो करार वर सुचवला आहे, त्यात पहिले कलम उतारूंचे असण्याऐवजी यांचे असावे: भारतीय खलाशी असलेले कोणतेही जहाज आले, तर ठरलेल्या चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत त्यांना उतरवून घेण्याची खोली, खाट आणि चाचणी बॅलार्ड पिअरवर तयार ठेवणे. नव्या इमारतीच्या नकाशात त्यासाठी एक मजला राखून ठेवायला अजून उशीर झालेला नाही.